हरवलेलं हस्तलिखित आणि विभागप्रमुखाची खुर्ची

पीएच.डी.ची तयारी करताना आपण सगळेच एक काम करतो. आपल्या विषयातल्या मोठ्या नावांची यादी काढतो. कुणाची किती पुस्तकं, कुणाचे किती पेपर, कोण कुणाचा हवाला देतं. लिट रिव्ह्यू तिथूनच सुरू होतो आणि ते बरोबरच आहे. पण या यादीतून एक प्रकारचा माणूस हमखास गळतो. कॉलेजचा संगीत विभाग वर्षानुवर्षं चालवणारा, उपासनेची गाणी गाणारा गायकवृंद सांभाळणारा, विद्यार्थी घडवणारा. त्याच्या नावावर पुस्तकं थोडी असतात, म्हणून तो आपल्याला ‘शिक्षक’ वाटतो, ‘संशोधक’ वाटत नाही.

आज अशा एका माणसाबद्दल आणि त्याला पुन्हा उजेडात आणणाऱ्या एका पुस्तकाबद्दल लिहितोय. माणूस म्हणजे जॉन वेस्ली वर्क तिसरे (१९०१–१९६७), अमेरिकेतल्या नॅशविलच्या फिस्क विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक, १९५० ते १९५७ तिथल्या संगीत विभागाचे प्रमुख. पुस्तक म्हणजे ‘लॉस्ट डेल्टा फाउंड’. संपादक रॉबर्ट गॉर्डन आणि ब्रूस नेमेरॉव्ह, प्रकाशक व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी प्रेस, वर्ष २००५. पुस्तक महत्त्वाचं आहे, वाचाच. पण ते वर्क यांची कारकीर्द ज्या चौकटीत बसवतं ती चौकट मला अपुरी वाटते. का, ते सांगतो. तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसलाही त्याचा उपयोग होईल.

आधी पार्श्वभूमी

फिस्कची स्थापना १८६६ ची. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी मिशनरी संस्थेच्या मदतीने सुरू झालेली ही शाळा. पाच वर्षांतच पैसे संपत आले. तेव्हा तिथले खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. साल १८७१. हेच फिस्क जुबिली सिंगर्स. गुलामांनी शेतात आणि प्रार्थनेत म्हटलेली भक्तिगीतं, ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात, ती त्यांनी रंगमंचावर आणली. त्या पैशातून विद्यापीठाची जुबिली हॉल ही इमारत उभी राहिली. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांची तुकडी १८८४ मध्ये जगप्रवासाला निघाली, ती भारतातही गाऊन गेली.

म्हणजे बघा, फिस्कमध्ये संगीत हा नुसता एक विभाग नव्हता. संस्था जगली तीच मुळी उपासनेच्या गाण्यांवर. आणि या गाण्यांशी वर्क घराण्याचं नातं तीन पिढ्यांचं. आजोबा नॅशविलमध्ये चर्चचा गायकवृंद चालवायचे. वडील, जॉन वर्क दुसरे, फिस्कमध्ये लॅटिन आणि इतिहास शिकवायचे, आणि त्याच्या जोडीला स्पिरिच्युअल्स गोळा करायचे, जुबिली सिंगर्सना तयार करायचे. १९१५ मध्ये त्यांचं या गाण्यांवरचं पुस्तक आलं. पण १९२३ मध्ये त्यांना फिस्क सोडावं लागलं. कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताकडे संस्थेत ज्या नजरेने पाहिलं जात होतं, ते त्यामागचं कारण सांगितलं जातं. दोन वर्षांत ते वारले.

हा तपशील लक्षात ठेवा. मुलगा १९२७ मध्ये ज्या संस्थेत शिकवायला लागला, त्याच संस्थेतून वडिलांना जावं लागलं होतं, आणि तेही त्याच गाण्यांपायी. तरी मुलाने तीच गाणी संशोधनाला घेतली.

वर्क यांनी नेमकं काय केलं?

त्यांचं शिक्षण पक्कं पाश्चात्त्य संगीताचं. फिस्कनंतर न्यूयॉर्कचं संगीत महाविद्यालय, मग कोलंबियाची एम.ए., मग येलची संगीतातली पदवी. पण डोळा लोकसंगीतावर. १९३८ मध्ये ते अलाबामात ‘सेक्रेड हार्प’ गायनाच्या मेळाव्याला गेले. यात स्वरलेखनातल्या चिन्हांना आकार असतात, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन वगैरे, आणि त्या आकारांवरून साधी माणसंसुद्धा चार आवाजांत भक्तिगीतं गातात. कृष्णवर्णीयांची या प्रकारातली वेगळी परंपरा त्यांनी टिपली आणि त्यावरचा लेख १९४१ मध्ये ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त छापून आला. त्याआधी, १९४० मध्ये, ‘अमेरिकन निग्रो साँग्ज अँड स्पिरिच्युअल्स’ हा २३० गाण्यांचा संग्रह आला. तो आजही वापरात आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावी एका नृत्यगृहाला आग लागली. दोनशेहून जास्त कृष्णवर्णीय माणसं गेली. वर्क यांना वाटलं, एवढ्या मोठ्या दुःखावर लोकांनी गाणी रचली असणारच. पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तिथे जाऊन ती नव्याने जन्मलेली गाणी गोळा करावीत, असा प्रस्ताव त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे दिला. तेव्हा ते विभागप्रमुख नव्हते, साधे शिक्षक होते.

प्रस्तावाचा विचार किती ताजा होता बघा. त्या काळात लोकगीतं गोळा करणारे बहुतेक जण ‘जुनं, मरत चाललेलं’ शोधायचे. वर्क यांना मात्र गाणं जन्माला येताना पकडायचं होतं.

पुढे प्रस्तावाचं रूप बदललं. लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय, त्यात आलं. त्यांच्या वतीने ॲलन लोमॅक्स आले. फिस्ककडून समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन आणि त्यांचे सहकारी ल्यूइस जोन्स आले. नॅचेझऐवजी मिसिसिपी डेल्टातली कोअहोमा काउंटी निवडली गेली. डेल्टा म्हणजे इथे नदीचं मुख नव्हे, राज्याच्या वायव्येकडचा कापूस पिकवणारा सपाट मुलूख. १९४१ आणि १९४२ अशी दोन वर्षं हे काम चाललं. याच कामात १९४१ च्या ऑगस्टमध्ये स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्स या मजुराचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तोच पुढे शिकागोच्या ब्लूजचा मोठा गायक झाला.

वर्क यांनी मुद्रित गाण्यांचं स्वरलेखन केलं, त्यावर विवेचन लिहिलं, आणि ते हस्तलिखित वॉशिंग्टनला गेलं. तिथे ते गहाळ झालं. पुढे १९९३ मध्ये लोमॅक्स यांचं ‘द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन’ आलं, पुरस्कार मिळाला, जगभर वाचलं गेलं. त्यात १९४१ आणि १९४२ चे दोन दौरे एकमेकांत मिसळून गेलेत, आणि वर्क नावापुरतेच दिसतात. मडी वॉटर्सचं चरित्र लिहिताना गॉर्डन यांना वर्क यांचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधल्या लोमॅक्स यांच्या कागदपत्रांत सापडलं. तोवर वर्क जाऊन तीस वर्षं उलटली होती.

पुस्तकाचं बळ

‘लॉस्ट डेल्टा फाउंड’मध्ये तीन लेखन आहेत. वर्क यांचं हस्तलिखित, दीडशेच्या आसपास गाण्यांच्या स्वरलेखनासह. ल्यूइस जोन्स यांचं डेल्टाच्या समाजजीवनावरचं लेखन. आणि सॅम्युएल ॲडम्स या विद्यार्थ्याचा फिस्कमधला एम.ए.चा प्रबंध.

तिन्ही एकत्र वाचल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की डेल्टा म्हणजे फक्त ब्लूज नव्हे. चर्चमधली प्रार्थना, प्रवचन, कामाची गाणी, पोरांचे खेळ, नाच, सगळं एकाच माणसाच्या आठवड्यात बसतं. ब्लूजच्या चाहत्यांनी शनिवारची रात्र उचलली आणि रविवारची सकाळ सोडून दिली. वर्क चर्चच्या घरातून आलेले, त्यामुळे त्यांनी दोन्ही पाहिलं.

दुसरी गोष्ट त्याहून मजेशीर. याच अभ्यासात क्लार्क्सडेल गावातल्या गुत्त्यांमधल्या ज्यूकबॉक्समध्ये कोणत्या तबकड्या आहेत याची यादी केली होती. ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र. त्या यादीत गिटारवरचा गावरान ब्लूज कमी, आणि देशभर गाजणाऱ्या स्विंग बँडांची गाणी भरपूर! म्हणजे बाहेरून येणारा संशोधक ज्याला ‘इथलं अस्सल संगीत’ म्हणतो, ते इथली माणसं पैसे टाकून ऐकत होतीच असं नाही. फील्डवर्कला जाणाऱ्या प्रत्येकाने ही यादी एकदा तरी पाहावी. लोकांना काय आवडतं हे विचारणं वेगळं, आणि ते कशावर नाणं खर्च करतात हे मोजणं वेगळं.

मला काय खटकलं

संपादकांनी प्रस्तावनेत आणि टिपणांत एक कथा रचलीय. कल्पना वर्क यांची, श्रम वर्क यांचे, हस्तलिखित हरवलं, श्रेय लोमॅक्स यांना. यातलं बरंच खरं आहे, कागदपत्रांवर उभं आहे. आणि हे सांगणं गरजेचं होतं. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय प्राध्यापकाचं काम पुसलं जाणं हा अपघात मानून सोडून देता येत नाही.

पण लोमॅक्स यांची बाजू घेणारे अभ्यासक म्हणतात की नॅचेझचा प्रस्ताव आणि कोअहोमाचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक घटना आणि तिच्यावरची गाणी, हा एक आराखडा. अख्ख्या काउंटीचं संगीत आणि समाजजीवन, हा दुसरा. शिवाय लोमॅक्स आणि त्यांचे वडील १९३३ पासून दक्षिणेत ध्वनिमुद्रण करत होते. हे म्हणणं पूर्ण मान्य करा असं मी म्हणत नाही, पण ते बाजूला सारता येत नाही. प्रस्ताव ज्याचा, अभ्यास त्याचाच, हे समीकरण इतकं सरळ नसतं. तुमच्या गाईडशी तुमचं उद्या याच मुद्द्यावर वाजू शकतं, म्हणून हा भाग नीट वाचा.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. हे पुस्तक ज्या श्रेयावर भांडतं, ते श्रेय एकट्या माणसाचं आहे. वर्क की लोमॅक्स? पण पुस्तकाची अनुक्रमणिका काय दाखवते? एक संगीतशिक्षक, एक समाजशास्त्रज्ञ, एक एम.ए.चा विद्यार्थी. तिघंही फिस्कचे. म्हणजे हे काम एका संस्थेने, तिच्या दोन विभागांनी मिळून केलं. पुस्तकाचा ऐवज सामूहिक आहे आणि पुस्तकाचा वाद वैयक्तिक. ही विसंगती संपादकांना जाणवायला हवी होती.

आणि वाद वैयक्तिक केला की वर्क यांची कारकीर्द ‘न छापलेल्या पुस्तकाची शोकांतिका’ होऊन बसते. १९४३ च्या सुमाराला हस्तलिखित गेलं, १९६७ ला माणूस गेला, मधे जणू काहीच नाही. पण मधे तर बरंच काही आहे. १९४६ मध्ये त्यांच्या ‘द सिंगर्स’ या गायकवृंदासाठीच्या रचनेला अमेरिकन संगीतकारांच्या संस्थेचं पहिलं बक्षीस मिळालं. १९४९ मध्ये ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोर’मध्ये लेख आला, कृष्णवर्णीय लोकगीतांचे बदलते प्रकार हाच त्याचा विषय. जवळजवळ दहा वर्षं, १९५६ पर्यंत, जुबिली सिंगर्सचं नेतृत्व केलं. सात वर्षं विभाग चालवला. शंभराहून जास्त रचना केल्या. १९६६ मध्ये निवृत्त झाले.

आता प्रश्न असा: या कामात संशोधन कुठे आहे?

मी म्हणेन, गाण्याच्या मांडणीत आहे. एखादं स्पिरिच्युअल गायकवृंदासाठी बांधताना कोणतं पाठांतर प्रमाण धरायचं, चार आवाजांत बसवताना मूळ चढउतार किती राखायचा, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी ओढून घ्यायचं ही जुनी रीत ठेवायची की मोडायची, या प्रत्येक ठिकाणी वर्क निर्णय घेत होते. आणि त्या निर्णयामागे अलाबामाचा मेळावा होता, डेल्टाची चर्चेस होती. हे ज्ञान तळटीपांत नाही, तालमीत गेलं. आपल्याला तळटीपा वाचायला शिकवलंय, तालीम वाचायला शिकवलेलं नाही, म्हणून ते दिसत नाही.

दुसरा, जास्त कडू प्रश्न: हस्तलिखित हरवलं कुणाकडून, यावर एवढी शाई खर्च झाली. पण ते छापू शकेल अशी ताकद कुणाकडे होती? राष्ट्रीय ग्रंथालयाकडे यंत्र होतं, तबकड्या होत्या, साठवणुकीची जागा होती. फिस्ककडे माणसं होती, ओळखी होत्या, चर्चमध्ये आत जाऊ देणारा विश्वास होता. ज्याच्याकडे कपाट असतं त्याच्याकडे इतिहास उरतो. हस्तलिखित शेवटी लोमॅक्स यांच्याच कागदपत्रांत सापडलं, यात हेच दिसतं. मला वाटतं, चोर कोण यापेक्षा कपाट कुणाचं हा प्रश्न संशोधनाला पुढे नेतो.

आणि खुर्चीचं काय? विभागप्रमुखपद, गायकवृंद, दौरे, उपासनेचे आणि समारंभाचे कार्यक्रम. हे सगळं सांभाळत असताना १९४० च्या ग्रंथाच्या तोलाचा दुसरा संशोधनग्रंथ त्यांच्या हातून आला नाही. खुर्चीमुळेच आला नाही असं सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही. पण प्रश्न तरी विचारायला हवा होता. ज्या संस्थेची ओळख, प्रतिष्ठा आणि मिळकत तिच्या गायकवृंदावर आहे, ती आपल्या उत्तम संशोधकाला लिहायला मोकळं सोडेल, की तालमीला उभं करेल?

वर्क यांनाही तपासू या

कौतुकाच्या भरात एक गोष्ट सुटायला नको. वर्क यांचं स्वरलेखन पाश्चात्त्य पाच रेषांवरचं आहे. सरकता स्वर, मधेच टाकलेली हाक, ऐकणाऱ्यांची साथ, हे त्या रेषांवर पूर्ण उतरत नाही. दीडशे गाणी वाचताना हे जाणवत राहतं. पान व्यवस्थित आहे, पण आवाज निवळल्यासारखा वाटतो. आणि जुबिली परंपरेवरचा जुना आक्षेप इथेही लागू होतो: उपासनेतलं गाणं रंगमंचासाठी घासूनपुसून घेतलं की ते कुणाचं उरतं?

पण इथे एक उत्तर आहे, आणि ते या पुस्तकानंतर दोन वर्षांनी आलं. वर्क यांनी स्वतः यंत्रावर केलेली मुद्रणं २००७ मध्ये ‘रेकॉर्डिंग ब्लॅक कल्चर’ या नावाने सीडीवर निघाली. सोबतच्या टिपणांसाठी नेमेरॉव्ह यांना ग्रॅमी मिळालं. म्हणजे कागदावर जे निवळलं, ते निदान काही प्रमाणात आवाजात उरलंय. पुस्तक आणि सीडी शेजारी ठेवून वाचा, ऐका. स्वरलेखन म्हणजे काय गमावणं आणि काय राखणं, हे कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पेपरपेक्षा लवकर समजेल.

तुमच्यासाठी

तुम्ही जर एखाद्या संगीतशिक्षकावर, विभागावर, भजनी परंपरेवर किंवा चर्चच्या गायनावर काम करणार असाल, तर तीन गोष्टी करा.

एक, माणसाची ग्रंथसूची करून थांबू नका. कार्यक्रमपत्रिका, तालमीच्या वह्या, प्रस्ताव, पत्रव्यवहार, परीक्षेचे पेपर, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळ्यांची एकच कालरेषा करा. कुठल्या वर्षी पद वाढलं आणि कुठल्या वर्षी लेखन थांबलं, हे एका पानावर दिसू द्या. लगेच कार्यकारण जोडू नका, पण पान समोर ठेवा.

दोन, कागद कुठे आहेत हे विचारताना, ते तिथे का आहेत हेही लिहा. संग्रह कुणाच्या नावाने ओळखला जातो, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे हवाले ठरतात. तुम्ही ज्यांचा आवाज मुद्रित करता त्यांचं नाव आणि गाव तुमच्या फाइलच्या नावात असू द्या, फक्त आभारात नको.

तीन, आणि हे अगदी व्यवहाराचं. दुसऱ्या संस्थेबरोबर काम असेल तर कल्पना कुणाची, सामग्री कुठे राहील, लेखक कोण कोण, हे फील्डवर्कच्या आधी कागदावर आणा. ईमेलसुद्धा चालेल. आणि मसुद्याची प्रत स्वतःकडे ठेवा, एक घरी, एक विभागात.

‘लॉस्ट डेल्टा फाउंड’ने एका माणसाला त्याचं हस्तलिखित परत दिलं, साठ वर्षांनी का होईना. हे काम मोठं आहे. त्याच्या विभागावरचं पुस्तक मात्र लिहायचं शिल्लक आहे. तुमच्या कॉलेजातही असा एखादा विभागप्रमुख असेल, ज्यांचं ‘फारसं संशोधन नाही’ असं स्टाफरूममध्ये म्हणतात. त्यांचं कपाट एकदा उघडून बघायची परवानगी मागा. विषय शोधत असाल तर तो तिथेही असू शकतो.